नथ-पेंडंटवरून नोटीस आलीय? ताई, सही करू नका

ताई, तुमचं पत्र वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, इंदूरच्या या ताई घरीच मोत्यांच्या नथी, ठुशी आणि नथीच्या आकाराचे मंगळसूत्राचे पेंडंट बनवतात, इन्स्टाग्रामवर आणि ओळखीत विकतात, आणि आता दुसऱ्या शहरातल्या एका ब्रँडच्या वकिलाची नोटीस आलीय की नथ-पेंडंट हे आमचं रजिस्टर्ड डिझाईन आहे, सात दिवसांत सगळ्या पोस्ट डिलीट करा, दोन लाख भरा आणि सोबतच्या अंडरटेकिंगवर, म्हणजे लेखी हमीपत्रावर, सही करा. घरचे म्हणतायत सही करून मोकळी हो.

नाही ताई, मोकळ्या नाही, उलट अडकाल. तुम्ही पाठवलेल्या त्या हमीपत्राच्या फोटोत स्पष्ट दिसतंय, आम्ही नक्कल केली हे मान्य आणि पुढे "नथसदृश कोणताही दागिना" बनवणार नाही. हे एकदा लिहून दिलं की उद्या साधी बानू नथ केलीत तरी तोच कागद तुमच्यासमोर धरतील.

आणि पोस्ट तर अजिबात डिलीट करायच्या नाहीत, घाबरून लोक नेमकं हेच करतात आणि स्वतःचाच पुरावा घालवून बसतात. डिझाईन्स अ‍ॅक्ट 2000 मध्ये डिझाईन नवीन असावं लागतं, अर्जाच्या आधीच ते लोकांसमोर आलेलं असेल तर कलम 19 खाली रजिस्ट्रेशन रद्द करून घेता येतं, अर्ज कोलकात्याला कंट्रोलरकडे, म्हणजे डिझाईन रजिस्टर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, करायचा असतो. म्हणजे तुमची 2021 ची ती पोस्ट, लाल खडा मधे, बाजूने मोती आणि वर काळ्या मण्यांची दुहेरी सर, ती त्यांच्या अर्जाच्या आधीची निघाली आणि डिझाईन तेच असलं तर खेळच पालटतो. विक्री थांबवायची असेल तर पोस्ट आर्काइव्ह करा, पण आधी तारखेसकट स्क्रीनशॉट, लिंक, ग्राहकांचे जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, कुरिअरच्या पावत्या सगळं जपून ठेवा आणि ज्या फोनवर हे सगळं आहे तो बदलू नका, कोर्टात अशा डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं. सासूबाईंची जुनी नथ दाखवायला छान, पण ती कपाटात होती, लोकांसमोर आलेली नव्हती, त्यापेक्षा जुनी छापील कॅटलॉग, मासिकातले फोटो शोधा.

नोटिशीत रजिस्ट्रेशन नंबरच नाहीये! उत्तरात पहिली मागणी तीच, नंबर आणि सर्टिफिकेटची कॉपी द्या. नंबर मिळाला की पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट शोधता येतं. मग त्यांचे फोटो आणि तुमचा दागिना शेजारी ठेवून बघा, कारण हक्क मिळतो तो त्या ठराविक दिसण्यावर, तोही 10 वर्षं आणि वाढवून घेतला तर आणखी 5. नथ ही कल्पना, तिचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घाट, तो कुणाच्या नावावर होत नाही, आणि कुणी तसा दावा करून घरी बसून काम करणाऱ्या बाईला घाबरवत असेल तर मला त्याचा खरंच राग येतो.

दोन लाख लगेच द्यायचे वगैरे काही नाही. कलम 22 मध्ये ठरीव रक्कम प्रत्येक उल्लंघनाला जास्तीत जास्त 25,000 आणि एका डिझाईनमागे एकूण 50,000, त्याऐवजी मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई हवी असेल तर त्यांना दावा लावून नुकसान सिद्ध करावं लागेल. दावा इंदूरला लागला आणि तुम्ही रजिस्ट्रेशनच चुकीचं आहे असा बचाव घेतला तर केस हायकोर्टात जाते. इंदूरच्याच एका प्लास्टिक डबे बनवणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये ती हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाकडे पाठवली होती, म्हणजे दाव्यासाठी कोलकात्याला खेटे घालावे लागत नाहीत. तुम्हाला न ऐकता स्टे मिळू नये म्हणून इंदूरच्या जिल्हा न्यायालयात कॅव्हेट टाकून ठेवा, ते 90 दिवस चालतं, त्यांच्या शहरातही टाकता आलं तर बरं.

आता एक कडू गोष्ट. शेवटी तुम्ही लिहिलंय की मोराचं एक पेंडंट त्यांच्या पेजवर बघून तसंच केलं. ते आजच बंद करा, उरलेले पीस विकू नका, आणि हे तुमच्या वकिलाला आधी सांगा, लपवू नका. ते डिझाईन खरंच रजिस्टर्ड असेल तर तिथे तुमची बाजू पडकी आहे, आणि तेवढ्यापुरती तडजोड करायला हरकत नाही, पण तिचा मसुदा तुमच्या वकिलाने लिहायचा, त्यात फक्त तो एक मोर.

सात दिवसांची मुदत कायद्याने घातलेली नाही, त्यांनी घातलीय, तरी उत्तर वेळेत स्पीड पोस्टाने जाऊ द्या. गणपतीच्या नथींच्या ऑर्डर घ्या बिनधास्त.