पीयूसी पास आहे, मग सर्व्हिसिंगचे पैसे एसआयपीत टाकू का?

प्रश्न: आमची २०१८ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ६१,००० किलोमीटर झालेत. आता वर्षाला ७,००० किलोमीटर चालते. रोज ऑफिसचे तीन किलोमीटर, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावकडे गावी. यंदा सर्व्हिस सेंटरने १४,४०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. गाडीला काही त्रास नाही, पीयूसी दरवर्षी पास होते. इंग्लंडमधला भाऊ सांगतो की तो फक्त सक्तीची एमओटी तपासणी करून घेतो. सर्व्हिसिंग बंद करून म्युच्युअल फंडातली एसआयपी महिना १,२०० रुपयांनी वाढवावी असं वाटतंय. गाडी अजून पाच वर्षं ठेवायची आहे. मागच्या वर्षी क्लच आणि बॅटरी एकदमच निघाले, ते क्रेडिट कार्डावर हप्त्याने केले.

उत्तर: सर्व्हिसिंग बंद करू नका, पण १४,४०० रुपयेही भरू नका. तुमच्या एस्टिमेटमध्ये गाडीच्या गरजेचे साधारण ६,००० रुपये आहेत. प्रश्न उरलेल्या ८,४०० रुपयांचा आहे. ते वाचवायला हवेतच, फक्त लगेच एसआयपीत नकोत.

पीयूसीच्या तपासणीत सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग यांना कोणी हातही लावत नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची आरटीओकडची फिटनेस तपासणी नोंदणीला १५ वर्षं झाल्यावर येते, म्हणजे तुमच्या गाडीची २०३३ साली. तोपर्यंत गाडीखाली वाकून बघायला कायदा कोणाला पाठवत नाही. पीयूसी वेळेवर काढाच, नसेल तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण गाडी धड आहे याचा तो दाखला नव्हे. भावाची एमओटी याहून खूप कडक असते. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळं बघतात. तरीही इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था त्या तपासणीत येत नाही. त्याचं ऑइलही कोणीतरी बदलावंच लागतं.

आता तुम्ही पाठवलेलं एस्टिमेट. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर २,३५० रुपये. मजुरी, चारही चाकांचे ब्रेक खोलून साफ करण्यासह, २,३००. एअर फिल्टर ४००, एसीचा केबिन फिल्टर ४५०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००. हे झाले ६,४००. यातला केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, घरी दहा मिनिटांत बदलता येतो. एअर फिल्टर इतक्या कमी रनिंगला एक वर्षाआड पुरतो, आणि ज्या वर्षी तो नसेल त्या वर्षी ब्रेक ऑइल बदला. म्हणून सरासरी ६,००० धरली.

उरलेल्या ८,००० मध्ये इंजिन फ्लश ७००, इंजेक्टर क्लीनिंग १,६००, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ९००, एसी व्हेंटची फवारणी १,३००, आतून फोम वॉश आणि बाहेरून पॉलिश २,२००, सायलेन्सर कोटिंग १,३००. गाडी झटके खात नसेल, आयडलिंगला थरथरत नसेल, अ‍ॅव्हरेज पडलं नसेल, तर इंजेक्टर आणि थ्रॉटल यंदा उघडायची गरज नाही. वेळेवर ऑइल बदलणाऱ्या इंजिनाला फ्लशचं काम नसतं. पॉलिश ही हौस आहे, करायची असेल तर हौसेच्या खात्यातून करा.

तुमचा हिशेब इथेच चुकतोय. महिना १,२०० रुपये, १० टक्के परतावा धरला (मिळेलच असं नाही), तर पाच वर्षांत साधारण ९३,७०० रुपये होतात, आणि तुम्ही हाच आकडा समोर ठेवलाय. पण त्यातला मोठा भाग नको ती कामं टाळूनही वाचतो. सर्व्हिसिंग पूर्ण बंद केल्याने वर मिळतात ते महिना ५०० रुपये, म्हणजे पाच वर्षांनी सुमारे ३९,०००. आता एवढ्यासाठी काय पणाला लागतं ते बघा.

तुमची रोजची फेरी तीन किलोमीटरची. तेवढ्यात इंजिन ऑइल पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. लांबच्या फेरीत ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साठत राहतं. म्हणूनच मॅन्युअलमध्ये ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ असं लिहिलेलं असतं, आणि तुम्हाला त्यातलं वर्ष लागू होतं. मळ धरून ठेवणारी ऑइलमधली रसायनं संपली की काळा चिखल होतो आणि चेंबरच्या तळाशी स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो. पंपाला ऑइल ओढता येत नाही, दाब पडतो, क्रँकची बेअरिंग कोरडी फिरू लागतात. बुधलीच्या चित्राचा लाल दिवा लागेपर्यंत बरंचसं नुकसान झालेलं असतं. इंजिन उतरवून खोलायची वेळ आली तर पार्ट, लेथचं काम आणि मजुरी मिळून या वर्गाच्या गाडीला ६०,००० ते ९०,००० रुपये धरून चाला. पाच वर्षांत ते होईलच असं नाही. पण ३९,००० रुपयांसाठी मी ती जोखीम घेऊ देणार नाही.

ब्रेकची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती पैशात मोजायची नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. ताम्हिणी उतरताना सतत पाय ब्रेकवर राहिला की ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपर तापतो, आतलं ऑइल उकळून बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल मऊ पडून खालपर्यंत जातं. शहरात हे कधी कळत नाही, कळतं ते घाटातच. दर दोन वर्षांनी ८०० रुपयांच्या आसपास खर्च येतो. पॅडची जाडीही दरवर्षी मोजून घ्या. नवीन पॅड साधारण १० मिलिमीटरचं, ३ मिलिमीटरला आलं की बदला. पुढे ढकललं तर पॅडची लोखंडी पाठ डिस्कला घासते आणि २,००० रुपयांच्या कामात डिस्कचे ४,०००-५,००० वाढतात.

इन्शुरन्स आहेच, असं म्हणाल. पण पॉलिसीतल्या ‘स्वतःचं नुकसान’ या भागात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. शिवाय गाडी चांगल्या स्थितीत राखणं ही विमाधारकाची जबाबदारी, अशी अट पॉलिसीच्या मजकुरातच असते. ऑइलअभावी बसलेलं इंजिन तुमच्याच खिशातून होतं.

गाडी वॉरंटीबाहेर आहे, त्यामुळे चांगल्या मल्टिब्रँड गॅरेजमध्ये न्यायला हरकत नाही. फक्त जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या कागदावर, कामं स्वतः लिहून द्या आणि ‘फोन केल्याशिवाय जादा काम करू नये’ असं खाली लिहून सही करा. ऑइलची प्रत मॅन्युअलमधली. तुमच्या गाडीला ५डब्ल्यू-३० साधारण साडेतीन लिटर लागेल. सीलबंद डबा समोर फोडायला सांगा, इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढू द्या, आणि जुना फिल्टर परत मागा. बिलावर तारीख आणि किलोमीटर हवेत. पाच वर्षांनी गाडी विकताना गिऱ्हाईक हीच बिलं मागेल.

गाडी दोन-चार महिन्यांत विकायची असती तर माझं उत्तर थोडं सैल असतं. पाच वर्षं ठेवणाऱ्यासाठी ते नाही.

आता वाचलेल्या ८,४०० रुपयांकडे येऊ, म्हणजे महिना ७००. तुमच्याकडे गाडीच्या मोठ्या खर्चाची वेगळी तजवीज नाही, म्हणूनच क्लच कार्डावर गेला. कार्डाचे पैसे वेळेवर भरले नाहीत तर थकबाकी महिना साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढते, वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. कोणतीही एसआयपी त्याची भरपाई करू शकत नाही. पुढच्या पाच वर्षांत येणारे खर्च आत्ताच दिसताहेत. चार टायर १८,०००, शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि सस्पेन्शनचे बुश १२,०००, पॅड आणि डिस्क ६,०००, पुन्हा एक बॅटरी ५,०००. एकूण ४१,०००. महिना ७०० ची आरडी (बँकेतली आवर्ती ठेव) पाच वर्षं भरली तर मुद्दलच ४२,००० होतं, व्याज वेगळं. हे पैसे इक्विटी फंडात नकोत, कारण शेअर बाजार वर जायची वाट बघत टायर थांबत नाहीत. आणि अडचणीला हाताशी हवेत म्हणून आरडी एकच पाच वर्षांची न घेता वर्षाची घ्या, संपली की जमलेली रक्कम एफडीत टाकून नवी सुरू करा.

तेव्हा जुनी एसआयपी आहे तशी चालू द्या, वाढवायची तर पुढच्या पगारवाढीतून. कार्डाचे हप्ते अजून शिल्लक असतील तर आरडीच्याही आधी हे ७०० रुपये तिकडे वळवा.

सर्व्हिसिंगची तारीख मे महिन्यात धरा, म्हणजे पावसाळ्यात आणि गणपतीला घाट उतरण्याआधी ब्रेक तपासलेले असतील. मधल्या काळात महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसा आणि पुन्हा बुडवून बघा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. काळं दिसलं तर घाबरू नका. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं, तर गाडी न चालवता मेकॅनिकला घरी बोलवा.