माळेगावच्या यात्रेआधी कालवड अंगाने भरेल का?

लोहा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दसऱ्यानंतर विचारलं आहे: "दीड वर्षाची लालकंधारी जातीची कालवड आहे. रंग एकसारखा गडद लाल, कान-शिंगं चांगली. माळेगावच्या यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात उतरवायची आहे, पण अंगाने भरत नाही, बरगड्या दिसतात. कडबा आणि रोज दोन किलो सरकी पेंड चालू आहे. शेजारी म्हणतात गूळ, तेल, अंडी सुरू करा. काय करावं?"

दादा, दोन किलो पेंड खाऊनही बरगड्या दिसत असतील तर पेंड कमी पडते असं म्हणता येणार नाही. खाल्लेलं जातंय कुठं, ते आधी पाहू. पावसाळ्यात ओढ्या-तळ्याच्या काठाला चरलेल्या जनावराच्या पोटात दिवाळीपर्यंत गोल जंत आणि पर्णकृमी (पानासारखे चपटे जंत) दोन्ही असू शकतात. खालची पापणी ओढून बघा. लालसर गुलाबी असावी. फिकट पांढरी दिसली, केस राठ झाले असतील, पोट मोठं आणि पाठ रिकामी असेल किंवा जबड्याखाली सूज असेल तर खुराक वाढवून पैसे वाया घालवू नका. सकाळचं ताजं शेण स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात द्या. गोल जंतांचं औषध पर्णकृमीवर चालेलच असं नाही, म्हणून तपासणी हवी. कानाच्या आत, शेपटीखाली, मांड्यांच्या सांध्यात गोचीड आहेत का तेही पहा. गोचीड रक्त तर पितातच, शिवाय गोचीडतापही देतात.

औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि गावात वजनकाटा नसतो. टेलरचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 48 आणि लांबी 42 आली तर साधारण 147 किलो. दर पंधरवड्याला सकाळी, वैरण-पाण्याआधी मोजून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. रोज डोळ्यासमोर असलेल्या जनावराची वाढ नजरेला कळत नाही.

आता दावणीचं. नुसत्या सरकी पेंडीने प्रथिनं मिळतात, पण ऊर्जा आणि क्षार अपुरे राहतात. मग महागडी प्रथिनं सरपणासारखी जळतात. शिवाय वाढत्या वयात एवढी सरकी पेंड एकटीच देऊ नये, तिच्यात गॉसिपॉल हा घातक घटक असतो. 100 किलो आंबोण (खुराकाचं मिश्रण) असं करा: मका किंवा ज्वारीचा भरडा 35, सरकी पेंड 15, शेंगदाणा पेंड 15, गव्हाचा कोंडा 20, तूर चुनी 12, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. दीडशे किलोच्या कालवडीला एक किलोपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत दीड किलोवर या, सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं. जोडीला सात-आठ किलो हिरवी वैरण आणि पावणेदोन-दोन किलो कडब्याची कुट्टी. हिरव्यात लसूणघास किंवा दशरथ घास मिळाला तर उत्तम, पण ओला लसूणघास उपाशी पोटी भरपूर घालू नका, पोट फुगतं. पाणी दिवसभर समोर असावं. परतीच्या पावसात भिजून काळा पडलेला कडबा मात्र गव्हाणीत टाकूच नका.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल. गूळ किंवा भरडा एकदम वाढवला की पोटात आम्लता होते: रवंथ थांबते, शेण पातळ आणि आंबूस होतं, कालवड बसून राहते. तेल जास्त झालं तर कडबा पचवणाऱ्या जिवाणूंचं काम मंदावतं. अंड्यांवरचा खर्च खनिज मिश्रणावर करा.

आणि खरं सांगायचं तर अपेक्षा मापात ठेवा. सगळं नीट जमलं तर दिवसाला 350-400 ग्रॅम वाढ धरा, म्हणजे मार्गशीर्षातल्या यात्रेपर्यंत 25 ते 30 किलो. त्याहून जोरात वाढवायचा हट्ट नको. माजावर यायच्या आधी कालवडीला फार चरबी चढली की ती कासेतही साठते, आणि पुढं दूध कमी मिळतं. लालकंधारीच्या निवडीत परीक्षक रंग, रुंद कपाळ, लोंबते लांब कान, सारखी वळलेली शिंगं, पायांची ठेवण आणि चालही पाहतात. तेव्हा रोज अर्धा तास म्होरकी धरून चालवा आणि खरारा करा. गर्दीत बुजणारी कालवड कितीही भरली तरी उभी नीट राहत नाही.

लाळ्या-खुरकूत, घटसर्प, लम्पीच्या लसी राहिल्या असतील तर यात्रेच्या किमान तीन आठवडे आधी द्या, आदल्या दिवशी नाही. कानातला बिल्ला आणि आरोग्य दाखला तयार ठेवा. सवयीची वैरण घरूनच न्या. परत आल्यावर दोन-तीन आठवडे तिला बाकी जनावरांपासून वेगळी बांधा.

दुसरा प्रश्न देवणी तालुक्यातून आहे: "सोयाबीनचं भुस्कट भरपूर आहे, तेच कालवडींना घातलं तर चालेल का?"

चालेल, पण एकटं नको. कडब्यात एक तृतीयांशपर्यंत मिसळा, थोडं पाणी शिंपडून द्या म्हणजे धूळ नाकात जात नाही. बुरशीचा वास आला तर ते उकिरड्यावर टाका. आणि ज्वारी कापल्यावर आलेले कोवळे फुटवे कालवडींना चरू देऊ नका, त्यातून जनावराला किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते. खाऊन जनावर थरथरायला, धापा टाकायला लागलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा, कारण हातात मोजकीच मिनिटं असतात.