वाचक विचारतात : आधी बेस बघा, मग पुतळा

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं हिरोक्लिक्सवर आली, म्हणून हा भाग त्यालाच दिला आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुपरहिरोंच्या बोटभर उंचीच्या रंगवलेल्या फिगर, आणि प्रत्येकीच्या बेसमध्ये, म्हणजे पायाखालच्या बैठकीत, फिरणारी छापील चकती, म्हणजे डायल. मार बसला की डायल तितके क्लिक फिरवायची. बेसच्या खिडकीतले वेग, हल्ला, बचाव आणि नुकसान यांचे आकडे बदलत जातात आणि शेवटी 'केओ' दिसतो, म्हणजे फिगर बाद. विझकिड्स कंपनीने २००२ साली हा खेळ काढला. तो बंद पाकिटांतून, म्हणजे बूस्टरमधून विकला जातो. आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि दुर्मिळ फिगरचा सगळा बाजार त्यातूनच उभा राहिला.

प्रश्न : २००२ च्या पहिल्या संचातली एक 'युनिक' फिगर वापरलेली मिळते आहे. फोटोत छान दिसते. अस्सल आहे हे कसं ओळखायचं? (दादर)

उत्तर : फोटोत पुतळा छान दिसतो हा पुरावा नव्हे. या खेळात फिगरची ओळख तिच्या बेसवर असते. नाव, संचाचं चिन्ह, अनुक्रमांक, पल्ला आणि दुर्मिळपणाची कडा, सगळं तिथेच. 'इन्फिनिटी चॅलेंज' या पहिल्या संचात एकच पुतळा तीन दर्जांत यायचा: पिवळी कडा म्हणजे रूकी, निळी म्हणजे एक्सपीरियन्स्ड, लाल म्हणजे व्हेटरन. युनिकला, म्हणजे एकाच दर्जात आलेल्या फिगरला, चंदेरी कडा. वरचा पुतळा तिन्हींत सारखाच असल्यामुळे पिवळ्या बेसवरचा पुतळा उपटून पुतळा मोडलेल्या लाल बेसवर चिकटवणं अगदी सोपं. खेळायला त्याने काही बिघडत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र ती जोडलेली फिगर झाली आणि भाव त्याप्रमाणे उतरायला हवा.

विकणाऱ्याकडून पाच फोटो मागा: पुढून, मागून, बेस वरून, बेस खालून, आणि पाऊल बेसला टेकतं त्या जागेचा अगदी जवळून. पाचवा सगळ्यांत महत्त्वाचा. कारखान्यातली जोडणी सहसा स्वच्छ असते. पावलाभोवती चकचकीत कड, पांढुरकी धूसर झाक किंवा डिंकाचा थेंब दिसला तर फिगर कधीतरी सुटून पुन्हा चिकटवली आहे असं धरा. पांढरी झाक सुपरग्लूची खूण असते. त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर बसते, आणि दमट हवेत जरा जास्तच.

मग डायलचा व्हिडिओ मागा. नेहमीच्या आकाराच्या फिगरला बारा क्लिक असतात. पहिल्या क्लिकपासून फिरवत पुन्हा पहिल्यावर यायला सांगा. प्रत्येक थांब्यावर आकडे खिडकीच्या मधोमध बसले पाहिजेत. अर्धा आकडा या बाजूला, अर्धा त्या बाजूला असं दिसलं तर डायल झिजलीय किंवा बेस उघडून चुकीचा बसवलाय. त्याहून वाईट म्हणजे बेस एकाचा आणि आतली डायल दुसऱ्याची. त्यासाठी पहिल्या क्लिकचे चार आकडे त्या फिगरच्या प्रसिद्ध यादीशी ताडून बघा. चारातला एक जरी जुळला नाही तर पुढे बोलूच नका.

'कार्ड हरवलंय' म्हणून कोणी भाव कमी करून देत असेल तर फिगर कुठल्या काळातली ते पाहा. सुरुवातीच्या संचांत फिगरसोबत वेगळं कार्ड यायचंच नाही, त्यामुळे २००२ च्या फिगरला कार्ड नसणं हा दोष नाही. अलीकडच्या फिगरची खास शक्ती मात्र कार्डावर लिहिलेली असते. तिथे कार्ड नसणं ही खरी उणीव.

'वेगळ्या रंगातली, फार दुर्मिळ' असं सांगितलं तर भिंगातून चेहरा बघा. डोळे आणि छातीवरचं चिन्ह कारखान्यात छापलेलं असतं, कड धारदार येते. हाताने रंगवलेल्यात ब्रशचे ओरखडे दिसतात आणि काखेत, पट्ट्याखाली रंग साचलेला असतो.

प्रश्न : हवी ती चेस (संचातली सगळ्यांत दुर्मिळ फिगर) मिळावी म्हणून पूर्ण पेटी घ्यावी का? (मुलुंड)

उत्तर : एकाच फिगरसाठी? नाही. एका बूस्टरमध्ये साधारण पाच फिगर, दहा बूस्टरची एक ब्रिक आणि दोन ब्रिकची पेटी. म्हणजे शंभर फिगर घरात येणार आणि त्यातल्या बहुतेक कॉमन, अनकॉमन. समजा संचात सहा चेस आहेत आणि पेटीत त्यातल्या वेगवेगळ्या दोन निघाल्या, तर तुम्हाला हवी तीच असण्याची शक्यता तीनात एक. पेटी घेऊन उरलेल्या विकून पैसे वसूल करू, हा हिशोब कागदावर बसतो. पण मुंबईत खेळणारे थोडे, त्यात प्रत्येकाकडे त्याच कॉमन आधीच पडलेल्या. हवी ती फिगर सुटी विकत घ्या. चार मित्रांनी मिळून पेटी घेऊन वाटणी करायची असेल तर चेस कोणाला जाणार ते फोडण्याआधी कागदावर लिहा.

सुटे बूस्टर घेताना ते फोडलेल्या ब्रिकमधले उरलेले नाहीत ना, हे विचारा. ब्रिकमधली मांडणी ओळखून किंवा वजन करून आधीच चांगलं काढून घेतलेलं असू शकतं.

प्रश्न : चेस फिगर म्हणजे खेळात जास्त ताकदवान ना? (परळ)

उत्तर : नाही. दुर्मिळपणा छापणारा ठरवतो. ताकद पाहायची तर फिगरचे गुण (संघात घेताना मोजायची तिची किंमत) आणि डायल बघायची. हल्ला १० असलेल्या फिगरला बचाव १७ असलेल्यावर वार करायचा तर दोन फाशांवर ७ किंवा जास्त पडायला हवेत. ३६ पैकी २१ वेळा पडतात. समोरचा बचाव फक्त एकाने वाढून १८ झाला तर ८ लागतात, आणि ते १५ वेळाच. हा एक आकडा महागड्या कडेपेक्षा जास्त काम करतो. तीनशे गुणांच्या संघात दोनशेची चेस घेऊन बसलेला खेळाडू तीन स्वस्त फिगरकडून हरतो, हे कुठल्याही टेबलावर दिसेल.

प्रश्न : तलवार वाकलीय, आणि उडत्या फिगरची पारदर्शक दांडी तुटलीय. (गिरगाव)

उत्तर : तलवार मऊ पीव्हीसीची असते, ती सरळ होते. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. फिगर उलटी धरून फक्त तलवार वीस-तीस सेकंद पाण्यात बुडवा. बेस पाण्याबाहेरच राहिला पाहिजे. डायलमध्ये पाणी शिरलं तर छापलेले आकडे खराब होऊ शकतात. तलवार बाहेर काढून सरळ करा, किंचित विरुद्ध बाजूला वाकवा, आणि तशीच धरून बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवा. हे शेवटचं पाणी बहुतेक जण टाळतात आणि आठवड्यात तलवार पुन्हा वाकली म्हणून तक्रार करतात. गरम पीव्हीसी हवेत हळूहळू निवली की जुन्या वळणावर जाते.

पारदर्शक दांडी कडक प्लास्टिकची असते, तिला गरम पाणी दाखवू नका. नुसती चिकटवली तर पुन्हा त्याच जागी तुटेल. दोन्ही टोकांना हाताच्या ड्रिलने एक मिलिमीटरचं भोक पाडा, पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा आत घाला आणि जेल सुपरग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा. पातळ सुपरग्लू वापरला तर पारदर्शक भाग पांढरट होतो आणि ते जात नाही. चिकटवल्यावर फिगर बंद डब्यात ठेवू नका; रात्रभर पंख्याखाली राहू द्या. आणि ही फिगर पुढे कधी विकली तर दुरुस्ती सांगून विका.

प्रश्न : पावसाळ्यात फिगर चिकट होतात, कार्डांना बुरशी येते. कपाटात डांबरगोळ्या ठेवल्यात, तरीही. (कांदिवली)

उत्तर : गोळ्या आजच काढा. त्यांची वाफ कडक प्लास्टिक आणि रंग मऊ करते, आणि बुरशीचं मूळ कारण असलेला ओलावा त्या शोषतच नाहीत. चिकटपणाचं कारण वेगळं आहे. पीव्हीसी मऊ राहावी म्हणून तिच्यात घातलेलं द्रव्य उष्णतेने हळूहळू वर येतं, आणि हवाबंद पिशवीत ते पृष्ठभागावरच साचतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन फक्त पुतळा पुसून काढा, बेस कोरडा ठेवा, आणि सावलीत वाळवा.

साठवायला कप्प्यांचा कडक पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर असे डबे मिळतात. तळाला ५ आकडा असलेला त्रिकोण बघा. कप्प्यात फोम घालू नका: आपल्याकडच्या दमट हवेत साधा स्पंज काही वर्षांत भुगा होतो आणि तो फिगरला चिकटतो. पांढरं सुती कापड पुरे. वर्तमानपत्रात तर गुंडाळूच नका, पीव्हीसी शाई ओढून घेते आणि पाठीवर मथळा उमटतो.

दहा लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल, नारिंगी रंगाचं. ते हिरवं झालं की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. कार्डं वेगळ्या डब्यात, उभी. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, ऊन पडलेल्या दिवशी डबा तासभर उघडा ठेवा, पण उन्हात नको. पारदर्शक ज्वाळा आणि ढाली उन्हानेच पिवळ्या पडतात.

प्रश्न : डायल फारच घट्ट आहे, फिरवताना पुतळाच हातात येतो. (विलेपार्ले)

उत्तर : पुतळ्याला धरून फिरवणं बंद करा. बेसची वरची कडा एका हाताच्या दोन बोटांत आणि खालची चकती दुसऱ्या हातात धरून फिरवा. तरी हलत नसेल तर आत कचरा आहे: हवा मारायचा रबरी फुगा (ब्लोअर) दाबून फटीतून हवा मारा आणि डायल दोन्ही दिशांना दहा-बारा वेळा फिरवा. तेल, व्हॅसलिन, शिलाई मशीनचं तेल काहीही नको; डायल सैल होते आणि पुढे खेळताना धक्का लागला तरी क्लिक बदलतो.

प्रश्न : अमेरिकेतल्या भावाने 'गिफ्ट' लिहून पाठवल्या तर शुल्क टळेल का? (चेंबूर)

उत्तर : नाही. परदेशातून पार्सलने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये काढली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद ठेवला. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ६० वरून ७० टक्के झालं, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. पार्सल खेळण्यात धरायचं की खेळाच्या साहित्यात, हे अधिकारी ठरवतो. भावाला खरी किंमत लिहायला सांगा आणि खरेदीची पावती आत ठेवायला सांगा. टपालाने आलेलं अडकलं तर बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात पावतीची प्रत आणि ओळखपत्र घेऊन जावं लागेल. फिगर मूळ पुठ्ठ्यासकट न पाठवता बेस खाली, पुतळा वर अशा उभ्या ठेवून बबलरॅपमध्ये पाठवायला सांगा. आडव्या ठेवल्या की वजन दांडीवर येतं, आणि मग गिरगावकरांचा प्रश्न तुमच्याकडे येतो.