मुलांचं कुतूहल, मोठ्यांची घाबरगुंडी

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. साडेचार वर्षांचे एक मुलगा नि मुलगी शू करताना एकमेकांकडे बघून हसत होते. मदतनीस ओरडली, मुलीला आईने घरी मारलं. आता दोन्ही घरांत भांडण लागलंय. काय करू?

उत्तर : ताई, तीन ते सहा या वयात मुलगा-मुलगी यांच्या शरीरातला फरक मुलांच्या लक्षात येतो, आणि ती बघतात, विचारतात. बरोबरीचं वय, हसणं-खिदळणं, हाक मारली की विसरून खेळायला पळणं, ही निकोप वाढीची लक्षणं आहेत. मोठ्यांची लैंगिक भावना त्यात नसते. माराने कुतूहल जात नाही, मूल लपवायला मात्र शिकतं. उद्या कुणी खरोखर त्रास दिला तर ते तोंड उघडणार नाही, आमची खरी काळजी ही आहे.

मुलांना शांतपणे एवढंच सांगा : "शू करताना एकेकाने जायचं. चड्डीच्या आतली जागा ज्याची त्याची. दुसऱ्याच्या तिथे हात लावायचा नाही, आपल्याला लावू द्यायचा नाही. आई अंघोळ घालते किंवा तिच्यासमोर डॉक्टर तपासतात तेव्हा चालतं." मग खेळ सुरू करा. नाक, कोपर शिकवता तशीच शिश्न, योनी ही नावंही सांगा. तक्रार करायची वेळ आली तर मुलाला नेमकं बोलता येतं.

गृहभेटी वेगवेगळ्या घ्या. 'घाण', 'बिघडलाय' हे शब्द कुणी वापरू लागलं तर तिथेच थांबवा. दोघांपैकी कुणीही गुन्हेगार नाही.

वयात मोठं अंतर, जबरदस्ती, धमकी, "कुणाला सांगू नको", समजावूनही तेच तेच करणं, वयाला न शोभणारी लैंगिक माहिती असं काही दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. नुसतं अंथरूण ओलं होणं हा अत्याचाराचा पुरावा नव्हे. मूल बोलू लागलं तर "मग काय झालं?" एवढंच विचारा. "काकांनी केलं का?" असं नाव सुचवू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा. पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तपास त्यांचा. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी विनामूल्य आहे.

प्रश्न : मुलगी साडेसात वर्षांची आहे. एका बाजूला छातीत दुखरी गाठ लागते. कॅन्सर तर नसेल?

उत्तर : या वयात ती शक्यता अगदी दुर्मीळ. बहुधा स्तनांची वाढ सुरू झाली आहे. ती आधी एकाच बाजूला दिसणं नेहमीचं आहे. दाबू नका, चोळू नका. पण मुलींमध्ये ही सुरुवात साधारण 8 ते 13 या वयात होते, म्हणून आठच्या आत सुरू झाली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. ते उंचीचा वेग बघतील, हाडांचं वय (हाडांची वाढ किती पुढे गेली आहे ते) कळावं म्हणून डाव्या हाताचा एक्स-रे सांगतील. हाडांची वाढ लवकर पूर्ण झाली तर उंची लवकर थांबते. पाळी बहुतेक वेळा या सुरुवातीनंतर दोन-अडीच वर्षांनी येते. तिला त्याबद्दल सांगायला आतापासूनच सुरुवात करा.