वावर, मजुरी आणि दहावी

प्रश्न : पोरगा दहावीत आहे, वय सोळा. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन दिवस शाळेला खाडा करून कापूस वेचायला जातो. किलोमागे मजुरी मिळते, मोबाईलचा खर्च तो स्वतःच भागवतो. मामा म्हणतात, कामाची सवय लागली तर बरंच. शाळेतले सर म्हणतात, शिक्षण सुटेल. खरं कोणाचं? (घाटंजी तालुका)

उत्तर : दोघांचंही, पण तुमच्या पोराच्या बाबतीत सरांचं जास्त. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात १९८८पासून नववीतल्या मुलांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. आठवड्याला वीस तासांच्या आत, पण नेमाने काम करणारी मुलं पदवीपर्यंत पोचण्यात मागे पडली नाहीत. त्यांतली अभ्यासात बेताची मुलं तर उलट पुढे गेली. तास वाढले तसं चित्र बिघडलं. अर्थात, ज्यांचं मन शाळेतून आधीच उडालेलं असतं तीच मुलं जास्त काम धरतात, तेव्हा सगळं खापर कामावर फोडता येत नाही.

पण तिथली मुलं शाळा सुटल्यावर दुकानात, हॉटेलात जातात. कापसाचं तसं नाही. सकाळी बोंडावर दव असतं. ओला कापूस वेचला तर वजन भरतं, पण ओलाव्यापायी भाव कापला जातो. म्हणून वेचणी दव उडाल्यावर, नऊ-दहाला सुरू होते, आणि शाळाही तेव्हाच भरते. ‘सकाळी दोन तास वेचून शाळेत जाईल’ हे कापसात जमतच नाही.

आता हिशोब पाहा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत साधारण अकरा आठवडे, म्हणजे शाळेचे सहासष्ट दिवस. आठवड्याला दोन खाडे म्हणजे बावीस दिवस गेले, एक तृतीयांश! बोर्डाला वर्षभराची ७५ टक्के हजेरी लागते. बरं, हजेरी कशीबशी भरली तरी भूमितीची त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन ही शेवटची प्रकरणं याच दिवसांत शिकवतात. त्रिकोणमिती समरूपतेवर उभी आहे. मध्येच दोन दिवस बुडाले की तिसऱ्या दिवशी फळ्यावरचं काही कळत नाही, आणि न कळणाऱ्या वर्गात बसण्यापेक्षा वावर बरं वाटू लागतं. पोरगं तिथून निसटतं.

म्हणून काम तोडू नका, त्याची जागा बदला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तीन तास, रविवारी पाच तास. चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी कायदाही हेच सांगतो : सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, ही विश्रांती धरून दिवसाला सहा तासांच्या आत, आणि संध्याकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत काम नाही. म्हणजे लग्नसराईत रात्री वाढपी म्हणून पाठवणंही नियमात बसत नाही. जानेवारी लागला की त्याची वेचणी बंद करा. वर्गशिक्षकांकडून आजवरच्या खाड्यांचा नेमका आकडा काढून घ्या. ‘अधूनमधून जातो’ असं म्हणत राहिलं की आकडा नजरेआड होतो.

फवारणीला मात्र एक दिवसही नाही. २०१७ मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जीव गेले.

आणि त्याच्या मजुरीवर घरचा किराणा ठरवू नका. एकदा का त्या पैशावर उधारी फिटायला लागली, की परीक्षेच्या महिन्यातही ‘एवढा आठवडा जा’ असं तुम्हीच म्हणाल.

प्रश्न : मुलगी अकरावीत. मजुरीला आम्ही पाठवत नाही, तरी मार्क घसरतात. (दारव्हा तालुका)

उत्तर : मजुरीला जात नाही, पण पाणी, भाकरी, धुणं-भांडी, धाकट्याला सांभाळणं कोणाकडे आहे? एक आठवडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे तास लिहा. पाच ते चौदा वयाच्या मुलांसाठी युनिसेफ आठवड्याला एकवीस तास घरकाम ही मर्यादा धरते, म्हणजे रोज तीन तास. मोठ्या मुलीलाही अभ्यासाच्या वर्षात त्याहून जास्त झेपेल असं धरू नका. आई सकाळी निंदायला गेली की मुलीचे तीन तास बहुतेक वेळा शाळेआधीच संपतात. संध्याकाळचा स्वयंपाक भावाकडे किंवा वडिलांकडे द्या. आम्ही हे गंभीरपणे सांगतोय, थट्टा नाही.

प्रश्न : दहावीत दोन विषय राहिले, मुलगा मोबाईलच्या दुकानात लागला. आता काय? (आरमोरी तालुका)

उत्तर : राहिलेल्या दोन विषयांची पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होते, फॉर्म जुन्या शाळेतूनच भरावा. एक-दोन विषय राहिले असले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. आयटीआयमध्ये काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. दुकानदाराला आजच सांगा की परीक्षेआधीचे दोन महिने पोरगा दुपारनंतरच येईल. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान मिळेल. दहावी सुटली की दोन-तीन वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडणारे फार थोडे असतात.