वाड्यातली अँबेसेडर

प्रश्न : महाल भागातल्या आमच्या वाड्यात आजोबांची अँबेसेडर कित्येक वर्षं उभी आहे. कोणत्या सालची, कसं ओळखू? मेकॅनिक म्हणतो, धक्का मारून चालू करू.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : धक्का अजिबात नको! आधी बॉनेट उघडा. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण आणि त्यावर ऑइल टाकायचं बूच दिसलं, तर ते १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असलेलं) इंजिन, १९५९ पासूनचं. झाकणच नाही, सपाट हेडवर नुसते स्पार्क प्लग, तर त्याआधीचं १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं). मग भाऊ, तुमची लॉटरीच लागली! अर्थात इंजिनं बदललेलीही असतात, म्हणून चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा.

मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, आणि पुढून लावायच्या हँडलने इंजिन हळू फिरवा. अडलं तर जोर करू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल उघड्यावर काढा. आपल्या मे महिन्यात बंद शेडमध्ये तर नकोच नको. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये फुफ्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असतो. रबरी होज (नळ्या) सगळे नवे टाका. रंगाचं नंतर बघू.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जुना नंबर ठेवता येतो, पण रोज बर्डीच्या बाजारात फिरवता येणार नाही.