आजोबांच्या पेटीतली लाल नोट

प्रश्न : माझे आजोबा बहरीनला नोकरीला होते. त्यांच्या पेटीत दहा रुपयांची लाल नोट सापडली. वर रिझर्व्ह बँकेचंच नाव आहे. आता माझा मुलगा दुबईहून दिरहम कमावून पैसे पाठवतो. तेव्हा तिथे आपला रुपया चालायचा, मग आज का नाही?
– एक वाचक, दापोली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बँकेच्या परकीय चलन विभागात माझी उभी नोकरी गेली, पण अशी नोट हातात एकदाच आली. हा आखाती रुपया. मोती, खजूर, तांदूळ, कापड असा सगळा व्यवहार मुंबईशी, त्यामुळे तिकडे रुपयाच चालायचा.

मग नोट वेगळी का? सोन्याच्या तस्करीमुळे. तिकडून सोनं चोरून इथे यायचं, बदल्यात नोटा तिकडे जायच्या आणि त्या परत आल्या की आपल्याला स्टर्लिंग पौंड मोजावे लागायचे. गंगाजळी आटायला लागली, म्हणून १९५९ साली फक्त आखातात चालतील अशा नोटा काढल्या. चलनांची उतरंड इथेच दिसते : बाजारात रुपया, पण शेवटचा हिशेब पौंडात.

कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. मग ६ जून १९६६ला आपण अवमूल्यन केलं. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. दुबईच्या दुकानदाराच्या गल्ल्यातल्या रुपयाची डॉलरमधली किंमत एका दिवसात ३६ टक्क्यांनी उतरली. त्याचा काय दोष? दुबई आणि कतारने त्याच वर्षी रुपया सोडला. मला त्यांची बाजू आजही पटते.

पौंडाच्या जागी पुढे डॉलर बसला. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, हे प्रमाण तिथे बांधलेलं आहे. दिरहमचा भाव काढताना आम्ही आधी डॉलरचाच भाव बघायचो. तुमच्या मुलाच्या पैशांचा भावही तसाच ठरतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये इंडियन ऑइलने अबू धाबीच्या तेलाचे पैसे रुपयांत दिले, तेव्हा मला फार आनंद झाला. पण त्या रुपयांचं ते पुढे काय करणार? आपल्याकडून घेण्यासारखं भरपूर असेल, तरच ते रुपये ठेवून घेतील.

नोटेचा क्रमांक इंग्रजी ‘झेड’ने सुरू होतो का, बघा; आखाती नोटेची ती खूण. तिला लॅमिनेशन करू नका, पुसूही नका. आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला देऊन टाकू नका.